छोट्या डॉक्टरांवर माझा दात

सूड घेईन म्हणणारी माणसं बहुतेक वेळा दातओठ खातात, चार दिवस धुसफुसतात आणि विसरून जातात. मी विसरणाऱ्यांतली नाही. माझ्या लग्नात कोणत्या मामेसासूबाईंनी मला मुद्दाम हलकी साडी नेसवली, ते मी आजही साडीच्या रंगासकट सांगते. म्हणून देवासच्या दातांच्या दवाखान्याने माझा आवाज ठेवून घेऊन मला तेवढं घरी पाठवलं, तेव्हा ह्यांनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, पेपर खाली न करता एवढंच म्हटलं, "आता त्या पोराचं काही खरं नाही."

पोर म्हणजे छोटे डॉक्टर. दवाखाना त्यांच्या वडिलांनी काढलेला. मोठे डॉक्टर होते तेव्हा मी तिथे लागले आणि शेवटपर्यंत फोनवर बसले. दवाखान्याच्या कामात दात कमी आणि फोन जास्त, हे बाहेरच्यांना कळत नाही. बदनावरहून मंडीतले व्यापारी फोन करायचे, धरमपुरीहून नर्मदाकाठचे शेतकरी करायचे, उदयनगरच्या जंगलाकडून कोणी मास्तर शेजारच्यासाठी बोलायचा. कोणी हिंदीत, कोणी "बेन, दाढ घणी दुखी री है" असं माळवीत, आणि आपली धार-देवासची मराठी मंडळी आपल्या खिचडी मराठीत. ज्याला जी भाषा, त्याला मी त्या भाषेत. घाबरलेल्याला आधी हसवायचं आणि मग नंबर लावायचा, ही माझी रीत होती. माझं हसू तर गावात ठाऊक होतं. मोठे डॉक्टर म्हणायचे, "बाई, निम्मं दुखणं तुम्ही फोनवरच काढता, मला उरलेलंच काढावं लागतं." मी ते नम्रपणे ऐकून घेत नसे. खरंच होतं ते, आणि मला माहीत होतं.

मोठे डॉक्टर गेले आणि छोटे खुर्चीवर बसले. शिक्षण बाहेरचं, शाळा हिंदी, मराठी घरापुरती. लहानपणी माझ्याच टेबलाखाली गाडी फिरवायचे, म्हणून मला मावशी म्हणत. दवाखान्यात मी त्यांना अहो-जाहो करत असे. पद म्हणजे पद.

एक दिवस ते म्हणाले, "मावशी, तुमचा आवाज रेकॉर्ड करायचाय. फोन होल्डवर असला की वाजेल. गाण्याऐवजी तुमचा आवाज, बढिया ना?"

बढियाच वाटलं. मी इरकल साडी नेसून गेले. आवाजाला साडी दिसत नाही हे कळत होतं, तरी नेसले. इंदूरहून एक माणूस कानाला मोठे डबे लावून आला होता. एक्स-रेच्या बंद खोलीत त्याने मला वाक्यांमागून वाक्यं वाचायला लावली. हिंदीतली, मराठीतली, थोडी माळवीतली. एवढी वाक्यं होल्डवर कोण ऐकणार, असं मला एकदा वाटलं, पण कौतुकात माणसाची अक्कल थोडी बाजूला बसते. शेवटी तो म्हणाला, "मैडम, अब ज़रा हँस दीजिए. जैसे मरीज़ से हँसती हैं ना, वैसे." मी हसले. एकदा मोठ्याने, एकदा हळू, एकदा समजूत काढल्यासारखं. चांगलं वाजलं म्हणाला.

मग दवाखान्यातला माझ्या टेबलावरचा फोन वाजेनासा झाला.

आधी मला वाटलं लाइन बिघडली. पण माणसं तर येत होती, नंबर लावून येत होती. एक बाई पदर सावरत मला म्हणाल्या, "मैडम, कल रात को आपने कितने प्यार से समझाया. मैं तो रो रही थी." आदल्या दिवशी संध्याकाळी मी वांगी चिरत होते आणि रात्री झोपले होते. मी त्यांना बाकावर बसवलं. मागच्या व्हरांड्यात गेले आणि माझ्या मोबाइलवरून दवाखान्याचा नंबर लावला.

"नमस्कार, बोलिए, कौन-सा दाँत सता रहा है आपको?"

हे वाक्य माझं. आणि आवाजही माझाच. मी विचारलं, "कोण बोलतंय?" तर ती मराठीत आली, "दवाखान्यातून बोलतेय, काळजी करू नका." आणि हसली. समजूत काढल्यासारखं हसली. मी फोन बंद केला आणि तशीच आत गेले.

छोट्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांना लपवायचंसुद्धा सुचलं नाही, इतकं ते त्यांना साधं वाटत होतं. "एआय आहे, मावशी. समोरचा काय बोलला ते समजून स्वतःच उत्तर देतं, नंबर पण लावतं. रात्री, संडेला, कधीही. आवाज तुमचा ठेवला कारण लोकांना आदत आहे ना. उलट तुमचा तर मान झाला."

"मला विचारलंत होल्डसाठी," मी म्हटलं.

"हां, मग हे पण एक टाइपचं होल्डच आहे," ते म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले.

पुढे व्हायचं ते झालं. त्यांच्या आईंनी मला हळदकुंकू लावलं, शाल पांघरली, हातात श्रीफळ दिलं. दोन शब्द छोटे डॉक्टर बोलले, त्यात "परिवार" हा शब्द पुष्कळदा आला. मराठीत कामावरून काढलं की नारळ दिला म्हणतात. मला म्हणीसारखा नाही, खरोखरचा नारळ मिळाला, शेंडीसकट. घरी येऊन मी तो पायरीवर असा आपटला की शेजारीण बाहेर आली. खोबऱ्याची चटणी केली. ती तिखट झाली होती आणि ह्यांनी निमूट खाल्ली.

मला काम गेल्याचं दुःख नव्हतं असं नाही. पण ते मी गिळलं असतं. वय झालं होतं, आज ना उद्या उठायचंच होतं. मला गिळवत नव्हतं ते दुसरंच. मी घरी बसून मटार सोलत असताना मी तिकडे दवाखान्यात हसत होते. कुणाला काय सांगत होते ते मलाच ठाऊक नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं, पण इथे बीळ म्हणजे माझा गळा होता. मला माझा आवाज परत हवा होता. त्याखेरीज काही नको होतं.

सरळ मार्गाने करून पाहिलं. छोट्या डॉक्टरांशी बोलावं म्हणून फोन लावला. त्यांचा स्वतःचा मोबाइलही आता त्या यंत्राकडेच वळवलेला होता, त्यामुळे उचलला कोणी, तर मी. मी मला सांगितलं की डॉक्टरांना दे. ती गोड आवाजात म्हणाली, "डॉक्टर साहब अभी मरीज़ देख रहे हैं जी, मैं आपका संदेश दे दूँगी."

हे वाक्य मी आयुष्यभर नकोशा माणसांना टाळायला वापरलं होतं. औषध कंपन्यांचे चिकट लोक, वर्गणीवाले, फुकट सल्ला मागणारे दूरचे नातेवाईक. कुठे, किती गोड म्हणायचं ते मीच बसवलेलं. आता ते मला ऐकवलं गेलं, माझ्याच तोंडून. आपलेच दात, आपलेच ओठ! त्या दिवशी मी ठरवलं की हात जोडून बास झालं. छोट्या डॉक्टरांवर मी दात धरला तो तेव्हा.

पण सूड घ्यायचा कसा? दगड मारायचं माझं वय नव्हतं. कोर्टकचेरीचं नाव काढलं तर हे म्हणाले, "तिथे तुझाच आवाज त्यांच्या बाजूने साक्ष देईल." मी दवाखान्याच्या वाटेने भाजीला जायला लागले. वाट लांबची पडते, पण काचेतून आत पाहिल्याशिवाय मला चैन पडत नसे. बाकांवर माणसं बसलेली दिसली की माझा दिवस वाईट जायचा.

मार्ग दाखवला तो वन्संनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीने. त्या धारला असतात. जुन्या वळणाच्या, बोलणं सगळं रीतीचं. जेवायला या म्हणायचं झालं तरी "पानं वाढलीत" म्हणतील. त्यांचा फोन आला तो तणतणतच.

"अगं, तुमच्या त्या दवाखान्याला काय झालंय? मी नुसतं विचारलं, डॉक्टर मंगळवारी बसतात का. तू इतकी छान बोललीस..."

"मी नव्हे, वन्सं."

"तेच ते, तुझं ते यंत्र. बसतात म्हणाली. मी म्हटलं बरं. फोन ठेवला. तर मोबाइलवर मेसेज, की मंगळवारी अकरा वाजता माझा नंबर पक्का! आता मी काय धारहून देवासला येऊ? इंदूरला बस बदलून? नुसती चौकशी करायची सोय राहिली नाही काय?"

"फोन ठेवताना तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? आपण म्हणतो तेच. बरं, येते हं मी."

मी ओट्यापाशी होते. हातातलं उलथणं खाली ठेवलं.

आपल्यात निघताना कोणी जाते म्हणत नाही. जाते म्हणणं अभद्र. स्मशानाच्या वाटेलाच माणूस जातो, बाकी सगळीकडून तो येतो. घरातून बाहेर पडताना येते, पाहुण्याकडून उठताना येतो, आणि जुनी माणसं फोन ठेवतानाही येते म्हणतात, जणू समोरच बसली होती. आमचे लोक तर हिंदीतही तेच करतात. दुकानातून पिशवी उचलून निघताना म्हणतील, "अच्छा भिया, आता हूँ," आणि दुकानदार हसेल, की जा रहे हो और बोल रहे हो आता हूँ. यंत्राला ह्यातलं काय कळणार? त्याने विचारलं असणार, मंगळवारी येणार का. वन्संनी निरोप घेतला, बरं, येते. यंत्राने नंबर लावला.

आणि मजा अशी की यंत्राला कोणी येते म्हणत नाही. बँकेचं यंत्र एक दाबा, दोन दाबा म्हणतं, त्याचा कोणी निरोप घेतो का? मधेच फोन आपटतात. पण हिचा आवाज माझा होता. माझा आवाज ऐकून माणसं माणसासारखी वागत होती. काट्याने काटा निघतो म्हणतात, इथे काटा त्यांनी आपल्या हाताने घडवून माझ्या पुढ्यात ठेवला होता.

चैत्र लागलाच होता. आमच्या महिला मंडळाचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी, आणि देवासमधल्या झाडून सगळ्या मराठी बायका. मी प्रत्येकीला ओल्या हरभऱ्यांची ओटी भरता भरता सांगितलं, "दवाखान्यात फोन करून पाहा ना एकदा. मीच बोलतेय असं वाटेल. छान गप्पा मारते. कवळीचं विचारा, दात शिवशिवतात त्याचं विचारा. डॉक्टर कोणत्या वारी असतात ते विचारा. आणि बायांनो, फोन ठेवताना आपल्या रीतीने ठेवा हं. यंत्र झालं म्हणून रीत सोडायची नाही."

बघा, मी कुणालाही खोटं बोलायला सांगितलं नाही. चांगलं वळण सोडू नका एवढंच सांगितलं. ह्याहून स्वच्छ सूड कोणी घेतला असेल तर मला दाखवा.

बायकांना काही समजावून सांगावं लागलं नाही. एकीला करमत नव्हतं, एकीची सून बोलत नव्हती, एकीला नुसती नव्या गोष्टीची हौस. धडाधड फोन गेले. धारला वन्संनी आपल्या भजनाच्या बायकांना कामाला लावलं. त्यांना खरं कारण कळलं होतं आणि त्या माझ्यापेक्षा चेकाळल्या होत्या. मला फोन करून म्हणायच्या, "आज पाच जणी येते म्हणाल्या गं!" आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. वयाला शोभत नव्हतं. खूप बरं वाटत होतं.

माझी भाजीची वाट आता फळाला आली. काचेतून दिसायचं, बाक रिकामे. आतली खुर्ची पाय पसरून पडलेली, वरचा दिवा लागलेला, आणि छोटे डॉक्टर हातमोजे घालून मोबाइल बघत बसलेले. एकदा तिथली सिस्टर बाहेर आली. मला बघून तिने कपाळाला हात लावला. "क्या बताऊँ मैडम, कंप्यूटर पे पूरा दिन भरा हुआ है और आदमी एक नहीं. सर तो पागल हो रहे हैं." मी म्हटलं, "अरे रे." भाजीवाल्याकडे त्या दिवशी मी भाव न करता मेथी घेतली.

ह्यात एखाद्या खऱ्या रोग्याचे हाल झालेही असतील. बदनावरच्या एका बाईंना पुष्कळ पुढची तारीख मिळाली म्हणून त्या रतलामला दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या, असं सिस्टर म्हणाली. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, थोडंच वाटलं. रतलामलाही दाताचे डॉक्टर चांगले आहेत.

छोटे डॉक्टर आमच्या घरी आले ते एका रविवारी सकाळी. टेकडीवरच्या देवीला जाऊन आले होते, कपाळावर कुंकू होतं. मी चहा दिला, पण कपबशी नाही काढली, स्टीलच्या पेल्यात दिला. त्यांना तो धरता येईना, पँटवर थोडा सांडला.

"मावशी," ते म्हणाले, "अपनेवालेच हे करून राहिलेत. सगळी मराठी नावं. नंबर लावतात आणि येतच नाहीत. फोन करून विचारलं तर म्हणतात, आम्ही कुठे नंबर लावला? कंपनीवाले म्हणतात मशीन बराबर आहे, उन्होंने खुद आती हूँ बोला. ह्यात तुमचं डोकं आहे, मला माहितीये."

"आवाज तुझ्याकडे आहे, डोकं तेवढं माझ्याकडे राहिलंय," मी म्हटलं. नारळ दिल्यावर अहो-जाहो कशाला? मी त्याला अरे-तुरे करायचं आधीच ठरवून ठेवलं होतं.

तो जरा दचकला. मग खाली बघून म्हणाला, "तुम्ही परत या. आरामात बसा. नुसते कॉल ऐकायचे आणि मशीन कुठे गलती करतंय ते सांगायचं. तुम्ही शिकवलं तर बिल्कुल तुमच्यासारखं होईल."

ह्याला म्हणतात बोट दिलं की मनगट धरणं. गळा घेतला, आता अक्कलही आणून द्या.

"मला परत यायचं नाही," मी म्हटलं. "मला माझा आवाज हवाय. काढून टाक तो. हसूसुद्धा. मग सांगते काय चाललंय ते."

"मावशी, समझो ना. लोकांना वाटतं तुम्हीच आहात, म्हणून तर ते चालतंय."

"म्हणूनच काढ."

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपरात होते. इतक्या वर्षांत कोणत्या वेळी पेपरातून डोकं वर काढायचं नाही ते ह्यांना चांगलं कळलेलं आहे. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं की हे सगळं आवाजावरून चाललंय. तोवर त्याला वाटत असावं, म्हातारी नोकरीसाठी कुरकुरतेय. त्याचं तोंड पडलं. "मला वाटलं तुम्हाला आवडेल," तो म्हणाला. "सच में."

त्याला खरंच तसं वाटलं होतं. म्हणून मला राग कमी यायला हवा होता. तो जास्त आला.

त्याने माझ्यासमोर कंपनीला फोन लावला. त्यांच्याकडे आवाज ढिगाने असतात म्हणे, साडीच्या दुकानात थप्प्या असाव्यात तसे. आठवड्याच्या आत बदलतो म्हणाले. माझं रेकॉर्डिंग पुसून टाकायचं त्याने त्यांना दोनदा बजावलं, मी समोर बसले होते म्हणून. मग मी त्याला येतेचा अर्थ सांगितला. त्याने कपाळावर हात मारला. "अरे यार! आजी पण तर म्हणायची!" आणि उठून, "ओके मावशी, बाय," म्हणून गेला.

आवाज खरंच बदलला. मी रोज फोन लावून पाहत होते, आणि एका सकाळी फोनवर मी नव्हते. कोणी तरणी मुलगी होती. गुळगुळीत हिंदी, कुठल्याच गावची नसलेली. तिला ना माळवीचा हेल, ना मराठीचा. हसायला लावावं म्हणून मी मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं विचारलं. हसली, पण ते हसू माझं नव्हतं. कंपनीचं होतं, लख्ख धुतलेलं. मी वन्संना फोन केला आणि ओरडलेच, "निघाले मी तिथून!" चक्का टांगला, श्रीखंड केलं. दुपारी चांगली घोरून झोपले. कित्येक महिन्यांत इतकी झोप लागली नव्हती. जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि जिंकलेच होते.

मंडळातल्या बायकांचे फोन आपोआप बंद झाले. यंत्र येते-जाते शिकलं असेल, नाहीतर त्यांना कंटाळा आला असेल. दवाखान्याचे बाक पुन्हा भरले. मी जवळच्या वाटेने भाजीला जायला लागले. छोट्या डॉक्टरांचं नाव निघालं तर मला आता फार काही होत नसे.

मग ह्यांची दाढ तुटली. मका खाताना. मी म्हटलं दुसरीकडे जा, गावात काय डॉक्टरांचा तोटा आहे? पण ह्यांच्या दातांना हात लागला तो त्या दवाखान्याचाच, मोठ्या डॉक्टरांपासून. हे बाहेरच्या खोलीत फोन घेऊन बसले. मी स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होते. ह्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं, समोरचं येत नव्हतं. हे अगदी नीट बोलत होते, घरात बोलतात त्याहून नीट. कुठली दाढ, किती दिवस झाले, रक्तदाबाची गोळी कोणती. एकदा हसलेसुद्धा.

मग ते फोन हातात घेऊनच स्वयंपाकघराच्या दारात आले.

"तू तर म्हणालीस काढला त्याने."

"काय?"

"तुझा आवाज. काढला कुठे? तूच आहेस अजून."

मी गॅस बारीक केला. ह्यांचे कान अगदी शाबूत आहेत. शेजारच्यांच्या टीव्हीवर काय लागलंय ते हे घरात बसून सांगतात. मी म्हटलं, "स्पीकरवर टाका."

ह्यांनी टाकला. ती तरणी मुलगी बोलत होती, तीच गुळगुळीत हिंदी, कुठल्याच गावची नसलेली. "जी, तो बुधवार सुबह ठीक रहेगा आपके लिए?" आणि मग तिचं ते लख्ख धुतलेलं हसू.

"हाच की तुझा," हे म्हणाले. अगदी सहज. चेष्टा करत नव्हते. इतकी वर्षं माझ्यासमोर बसून चहा प्यालेला माणूस, मान थोडी कलती करून, खात्रीने, प्रेमाने म्हणाला, "हाच."

ती मुलगी पुन्हा विचारत होती, बुधवार ठीक रहेगा ना? हे माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी म्हणेन म्हणून थांबले होते. माझ्या तोंडात शब्द आले होते, अगदी ओठांवर. पण मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर स्वयंपाकघरात दोन आवाज झाले असते, आणि त्यातला माझा कोणता हे ह्यांना सांगता आलं नसतं, तर ते मला ऐकायचं नव्हतं.